स्थलांतराच्या जागतिक चर्चेत भारत बसतो, त्यात आपल्या गावाचं काय?

पैनगंगाकाठ

उमरखेड तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी आटोपली की तांड्यावरच्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला निघून जातात. बारावी झालेली पोरं चाकणला कंत्राटी कामावर. आणि गेल्या काही वर्षांत तिसरी वाट निघाली आहे, आखाताची.

शेजारच्या गावचा एक पोरगा मागच्या उन्हाळ्यात परत आला. बापानं दोन एकर गहाण ठेवून एजंटाला एक लाख तीस हजार दिले होते. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. व्हिसा निघाला पाहुण्याचा. म्हणजे तिथं तो कामगार म्हणून मोजलाच गेला नाही. विमा नाही, करार नाही. चार महिने राबला, दीड महिन्याचे पैसे हातात आले.

त्याच्यामुळे मी हा विषय वाचायला लागलो. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्थलांतर आणि विकास यावर पहिली उच्चस्तरीय चर्चा झाली. तिथूनच २००७ पासून देशांची वेगळी बैठक सुरू झाली. पहिली ब्रसेल्सला, पुढची मनिलाला, मग अथेन्स, अशी ती फिरत राहिली. भारत २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचा सभासद झाला. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला स्थलांतराचा जागतिक करार स्वीकारला गेला, त्यात २३ उद्दिष्टं आहेत. नंतर आमसभेत मतदान झालं. १५२ देश बाजूनं, ५ विरोधात, १२ तटस्थ. भारत बाजूनं होता.

माझं म्हणणं असं की भारतानं या चर्चांना जायलाच हवं, आणि आजच्यापेक्षा जास्त हट्टानं बसायला हवं. कारण २०२० मध्ये जे झालं ते. त्या सप्टेंबरात, कोरोनानं लोक परत येत होते तेव्हा, केंद्रानं आखाती देशांसाठी ठरवलेलं आपल्या मजुराचं किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणलं. आपल्या लोकांच्या नोकऱ्या टिकाव्यात, हे कारण. तेलंगणात ओरड झाली, हायकोर्टात याचिका गेली, आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले.

ती भीती खोटी नव्हती, हेच तर दुखणं आहे. आपण एकट्यानं मजुरी वाढवून मागितली तर मालक नेपाळच्या, बांगलादेशच्या माणसाकडे वळतो. आपण कापूसवाले, आपल्याला हे कोणी समजवायला नको. सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचं केंद्र उशिरा उघडलं की व्यापारी काय करतो? ज्याच्या घरी लग्न आहे, ज्याला उद्याच पैसे पाहिजेत, त्याची गाडी आधी गाठतो. मग सगळ्या गावाचा भाव तोच. मजूर पाठवणाऱ्या आशियातल्या १२ देशांची कोलंबो प्रक्रिया २००३ पासून चालू आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपाइन्स सगळे तिथं एका टेबलाला बसतात. २०२४ मध्ये तिचं अध्यक्षपद पहिल्यांदाच भारताकडे आलं. मजुरीची एकच खालची पातळी सगळ्यांनी मिळून ठरवायची तर ती तिथंच ठरेल, उमरखेडच्या तहसीलमध्ये ठरणार नाही.

तुम्हाला काय वाटतं?

कास्तकार७६

भाऊ, तळमळ पोचली, पण तुमचं म्हणणं पटलं नाही.

त्या जागतिक करारात पहिल्याच पानांवर लिहिलं आहे की तो कायद्यानं बंधनकारक नाही. ब्रसेल्सपासूनची बैठकही तशीच, स्वेच्छेची. जे बंधनकारक आहे ते दुसरंच आहे. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबांच्या हक्कांचा १९९० चा आंतरराष्ट्रीय करार. फिलिपाइन्सनं तो मान्य केला, श्रीलंकेनं केला, २०११ मध्ये बांगलादेशनंही केला. भारतानं अजून सहीही केलेली नाही. जिथं बांधून घ्यावं लागतं तिथं आपण जात नाही आणि जिथं भाषण करून परत येता येतं तिथं जातो. त्याचं कौतुक मी का करू?

आणि कापसाचंच उदाहरण घेता तर पूर्ण घ्या. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी १९७२ ला आली तेव्हा माझे वडील तरुण होते. सगळ्यांनी एकाच ठिकाणी विकायचं, एकच भाव. कल्पना चांगलीच होती. पण आंध्रात भाव चढला की रात्रीतून गाड्या आदिलाबादकडे निघायच्या, आणि चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशासाठी, इकडे कास्तकार महिनोन्‌महिने हेलपाटे घालायचा. १२ देश एका भावावर राहतील म्हणता, आमचा एक जिल्हा राहिला नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. या चर्चांच्या नावातच ‘स्थलांतर आणि विकास’ आहे. माणूस गाव सोडून गेला, त्यानं पैसे पाठवले, झाला विकास. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला. हा पैसा दारव्ह्याला दिसतो का? दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष मोजून दिला, सिंचनाचा, रस्त्यांचा, सगळा. तो भरला असता तर तुमच्या शेजारच्या गावचा पोरगा दोन एकर गहाण ठेवून निघाला असता का? वावराला पाणी द्या, मग ज्याला हौसेनं जायचं त्यानं जावं.

दोहाहून परत

मी साडेपाच वर्ष कतारात होतो, सेंट्रिंगच्या कामावर. गाव दिग्रसकडचं. लिहिता येते तसं लिहितो.

कास्तकार भाऊ, तुमी म्हणता चर्चेनं काई होत नाई. मी गेलो तवा मालकाचा कागद असल्याबिगर दुसरीकडं काम धरता येत नव्हतं. त्याले एनओसी म्हणत. आमचा मुकादम तीन-तीन महिने पगार दाबून ठेवे, अन्‌ आमी गुमान राहो, काहून का जाऊन जाऊन जाणार कुठं? २०२० मंदी तो कायदा बदलला. एनओसी बंद. २०२१ च्या मार्चपासून १००० रियाल कमीत कमी पगार, मालकानं खाणं-राहणं देल्लं नाई तर त्याचे वरून ८०० आणखी. पुऱ्याइले भेटले असं नाई म्हणत मी. पण मले भेटले. मी दुसऱ्या कंपनीत गेलो, अन्‌ त्याच पैशावर लहान भाऊ आयटीआय झाला.

हे काई शेखाच्या मनात एका रात्री आलं नाई. कोणीतरी कुठंतरी बसून बोललं असन म्हणून आलं.

कास्तकार७६

दादा, तुमच्या साडेपाच वर्षांपुढे मी काय बोलावं. पण कतारचा कायदा बदलला तो कशानं, हे सांगितलंच पाहिजे, कारण माझा मुद्दा तिथंच आहे.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत, म्हणजे आयएलओत, कतारविरुद्ध तक्रार दाखल झाली. कामगार प्रतिनिधींनी केली होती. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार कतारनं स्वतः मान्य केलेला होता, म्हणून तक्रार करता आली. चौकशी आयोग बसण्याची वेळ आली. वर २०२२ चा फुटबॉल विश्वचषक, सगळ्या जगाचे कॅमेरे तिकडे. तेव्हा कुठं २०१७ मध्ये त्यांनी सुधारणांचा करार केला आणि तक्रार मिटली. म्हणजे काम झालं ते सही केलेल्या कागदानं आणि तक्रारीनं. म्हणूनच म्हणतो, आधी १९९० च्या करारावर सही करा.

मास्तरीण, कारंजा

दोघंही पैशाचं आणि मजुरीचंच बोलताय. माझ्या चौथीच्या वर्गात यंदा दिवाळीनंतर नऊ मुलं कमी झाली. हंगामी वसतिगृह मंजूर झालं की त्यातली चार-पाच आजीजवळ राहतात, जेवण शाळेत होतं. मंजुरीला उशीर झाला की आईबापाबरोबर फडावर जातात आणि मार्चमध्ये परत येतात तेव्हा पाढे विसरलेले असतात.

एक मुलगी आहे, तिचे वडील ओमानला. पैसे दर महिन्याला येतात, घर पक्कं झालं. ती मोबाईलवर त्यांना वही उघडून दाखवते, ‘बाबा, दिसते का’ विचारते. याला विकास म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. पण ज्या चर्चेत फक्त पाठवलेल्या डॉलरची बेरीज होते तिथं ही वही कोणी नेत नसणार, एवढं मला कळतं.

आणखी एक, शिक्षिका म्हणून सांगते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्याला ठरावीक १८ देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागते. त्या मंजुरीबरोबर दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. दहावी पास झालेल्याला मंजुरीची गरजच नाही. आम्ही मुलांना जीव तोडून पास करतो, आणि पास झालेला मुलगा एजंटाच्या हातात एकटा सापडतो. सरकारच्या नोंदीतही तो येत नाही. ही फट बुजवायला माराकेशला जावं लागत नाही, दिल्लीतच होईल.

झाडीपट्टी

ताईंच्या पुढचं बोलतो. मी गडचिरोलीचा. आमच्याकडून जानेवारी-फेब्रुवारीत ट्रक भरभरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. मजुरी कधी पैशात, कधी मिरचीतच. प्राणहिता ओलांडली की भाषा तेलुगू, पोलीस वेगळे. पासपोर्ट नाही म्हणून ही माणसं ‘आंतरराष्ट्रीय’ नाहीत, त्यामुळे तुमच्या जागतिक करारातही बसत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या देशात हललेली माणसं ४५ कोटी होती. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायाच जास्त, मान्य, तरी कामासाठी हललेले काही थोडे नाहीत. त्यांच्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदारानं परवाना काढायचा, मजुराला पासबुक द्यायचं, जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. मी आजवर एकाही मिरची मजुराकडे ते पासबुक पाहिलेलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये हीच माणसं जंगलवाटेनं चालत परत आली, पाय सुजलेले. तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या शाळेत त्यांना भात शिजवून घातला.

आपल्या माणसाला कतारनं नीट वागवावं असं भारत परदेशात सांगतो. सांगावंच. पण आपल्याच देशात खम्ममच्या शेतात आपला माणूस परका असेल तर त्या बोलण्यात जोर कुठून येणार?

सिस्टर होणार

मी वर्ध्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडक्यात लिहिते. डिसेंबर २०२२ मध्ये भारत-जर्मनी स्थलांतर करार झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळाचा करार केला. मी जर्मन शिकते आहे, बी-टू पातळी लागते. मला इथल्या एजंटाला लाखभर द्यायचे नाहीत, आणि सरकार-सरकारमध्ये बोलणं झाल्याशिवाय त्याच्या तावडीतून सुटायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. काका, वावराला पाणी पाहिजेच. पण माझ्या नावावर वावर नाही. भावांच्या नावावर आहे.

कास्तकार७६

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्याही घरी तसंच आहे, मुलीचं नाव सातबाऱ्यावर नाही.

तरी एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही स्टुटगार्टला गेलात तर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कोण असेल? तुम्ही थांबा, असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला घडवायला इथला पैसा लागला, ते त्या देशानं मोजावं, इथल्या नर्सिंग कॉलेजांना द्यावं. भारतानं ही मागणी टेबलावर ठेवली तर त्या टेबलाला माझा विरोध राहणार नाही.

पैनगंगाकाठ

>>जिथं भाषण करून परत येता येतं तिथं जातो<<

हे मला लागलं. १९९० च्या करारावर सही व्हावी, यात मी तुमच्या बाजूनं आहे. मूळ धाग्यात ते लिहायला हवं होतं. पण त्या करारात एकही आखाती देश नाही. आपण उद्या सही केली तरी कुवेतच्या मालकाला त्यानं काहीच बांधत नाही. त्याला बांधायचं तर त्याच्याशी बोलावंच लागेल, आणि आपण एकटे बोललो की तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून मी १२ देशांचा आग्रह सोडत नाही. एकाधिकार खरेदी सरकारनं वरून लादली आणि चुकारे अडकले, म्हणून कास्तकार पळाला. मजुराचा पगार वेळेवर पडत असेल तर तो कशाला पळेल?

जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय गेले. हवाई दलाचं विमान मृतदेह घेऊन आधी कोचीला उतरलं. केरळनं १९९६ मध्येच परदेशी गेलेल्या आपल्या लोकांसाठी वेगळं खातं काढलं होतं. कोण कुठं आहे, कोणाच्या घरी फोन करायचा, हे सांगणारं तिथं कोणीतरी होतं. आमच्या गावातला पोरगा उद्या तसा अडकला तर ग्रामपंचायतीला सांगता येईल का तो कोणत्या देशात आहे? मी सरपंचांना विचारलं. नाही येणार.

झाडीपट्टी भाऊ, तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. मी पासपोर्टवाल्यांचंच बघत होतो, आणि माझ्याच गावचा तांडा विसरलो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी एक विषय ठेवतोय. गावाबाहेर कामाला गेलेल्यांची नोंदवही. ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे जाईल. दिल्लीत कोणी आपली बाजू मांडायला बसलं तर त्याच्या हातात निदान आमच्या एका गावाचा आकडा असेल. त्यात काय काय लिहावं, सुचवा.

कास्तकार७६

नोंदवही करा. मी आमच्याकडेही बोलतो. बाहेर जायला किती कर्ज काढलं आणि काय गहाण ठेवलं, तो रकाना पहिला ठेवा.

दोहाहून परत

पासपोटची झेरॉक्स घरी ठेवा, नंबर वहीत लिहा. व्हिसा कामाचा का पाहुण्याचा, ते लिहा. तिकडच्या कंपनीचं नाव अरबीत असते, त्याचा फोटो घेऊन ठेवा. एजंटाचा फोन लिहा, पण तो नंबर बदलते, म्हणून त्याच्या घरचा पत्ता लिहा.

झाडीपट्टी

मिरचीवाल्यांचं, ऊसवाल्यांचंही त्याच वहीत येणार का? आमच्यासाठी मुकादमाचं नाव, ट्रकचा नंबर आणि सोबत गेलेल्या लेकरांची संख्या लागेल.

पैनगंगाकाठ

त्याच वहीत. लेकरांचा रकाना मास्तरीणताई सांगतील तसा आखू.