केमोच्या सहा वर्षांनंतर रक्तपेशी कमी होत आहेत

प्रश्न:
माझ्या आईला (वय ६३) स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेनंतर चार केमो, म्हणजे ते लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड, आणि पुढे रेडिएशन दिले होते. त्याला सहा वर्षे झाली. गेल्या चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वरून ८.४ वर आणि प्लेटलेट ७२,००० वर आल्या असून एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०८ आहे. बी-१२ ची दहा इंजेक्शने देऊनही फरक पडला नाही. आता बोन मॅरो (हाडातील मज्जा) तपासणी सांगितली आहे. कर्करोग उलटला असेल का, आणि ही तपासणी टाळता येईल का?

उत्तर १:
मी रक्तविकार विभागात काम करते. कर्करोग मज्जेत पसरला की नाही हे या तपासणीत कळेलच. पण लाल पेशी मोठ्या होऊन प्लेटलेटही घटतात, तेव्हा आधीच्या उपचारामुळे मज्जेतल्या मूळ पेशी बिघडल्या असतील, अशी शंका घ्यावी लागते. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतर हा विकार (एमडीएस) साधारण ५ ते १० वर्षांनी दिसतो आणि त्यात बहुधा ५ किंवा ७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो; लाल औषधाच्या गटामुळे होणारा रक्ताचा कर्करोग मात्र बऱ्याचदा १ ते ३ वर्षांतच उद्भवतो. असे फार थोड्या रुग्णांना होते, तेव्हा त्या वेळी केमो घेतली हे चुकले असे समजू नका. तपासणी टाळू नका आणि मज्जेच्या नमुन्याची गुणसूत्र तपासणीही होणार आहे ना, हे आवर्जून विचारा, कारण पुढचे उपचार बरेचसे त्यावरच ठरतात. केमोची जुनी फाइल सोबत न्या; कोणते औषध किती मिलिग्रॅम दिले, हे डिस्चार्ज कार्डावर सापडेल.

उत्तर २:
माझ्या वडिलांची ही तपासणी झाली आहे. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडाजवळ भुलीचे इंजेक्शन देतात. मज्जा ओढताना मात्र दोन-तीन सेकंद पायापर्यंत कळ जाते, हे आईंना आधीच सांगून ठेवा. रक्त चढवायची वेळ आली, तर घरचे सगळे द्यायला धावतात, आम्हीही धावलो होतो. पण पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचे रक्त देऊ नये, असे आम्हाला तेव्हा बजावले होते.

प्रश्नकर्ता:
नेमके कालच धाकट्या मामांनी रक्त द्यायची तयारी दाखवली होती. त्यांना थांबायला सांगतो. फाइल माळ्यावर आहे, आजच काढतो.