लघुप्रबंधाला २१ दिवस उरलेत, माहिती गोळा झाली आहे, लेखन शून्य. सुरुवात कुठून करू?

सीताफळ_बालाघाट

एम. ए. समाजशास्त्र, चौथं सत्र. विषय: ऊसतोड कामगारांचं हंगामी स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचं शालेय शिक्षण, बीड जिल्ह्यातली दोन गावं. उद्दिष्टं चार. ६४ कुटुंबांकडून मुलाखत-अनुसूची (समोर बसून विचारायच्या प्रश्नांचे छापील तक्ते) भरून घेतल्या आहेत आणि त्या एक्सेलमध्ये उतरवून झाल्या आहेत. शिवाय १२ सखोल मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आहेत, प्रत्येकी साधारण पाऊण तासाच्या. त्यातली एकही अजून कागदावर आलेली नाही.

प्रबंध मराठीत आहे. पाच प्रकरणं, ७० ते ८० पानं, दीड ओळीचं अंतर. पहिलं प्रकरण लिहायला बसलं की स्थलांतराच्या व्याख्यांमध्येच दिवस जातो. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आधी साहित्याचा आढावा पूर्ण कर. मुलाखती शब्दशः उतरवायला हव्यात का? आणि कोणत्या क्रमाने लिहिलं तर वेळेत होईल?

तळटीप

पहिलं प्रकरण बाजूला ठेवा. चौथ्यापासून, म्हणजे विश्लेषणापासून सुरुवात करा. चौथं झालं की तिसरं (संशोधन पद्धती), मग दुसरं (साहित्याचा आढावा), मग पहिलं, मग पाचवं आणि सगळ्यात शेवटी सारांश. यामागचं कारण साधं आहे. साहित्याच्या आढाव्याला अंत नसतो, आणि त्यात नेमकं काय हवं ते तुमचे निष्कर्ष समोर आल्याशिवाय कळत नाही. आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांबद्दल तुमच्या माहितीत ठळक काही निघालं, तर आढाव्यात त्याच मुद्द्यावरचा अभ्यास यायला हवा. आधीच लिहिलेली वीस पानं तेव्हा कामाला येत नाहीत.

आता पानांचा हिशोब. ७५ पानं धरा. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रं, अनुक्रमणिका, संदर्भसूची आणि परिशिष्टं यांत १५ पानं जातात, तक्ते आणि आलेखांत आणखी १५. लिहायची उरतात ४५. दीड ओळीच्या अंतराने पानाला २७० शब्द धरले तर साधारण १२,००० शब्द झाले. शेवटचे सहा दिवस तपासणी, छपाई आणि सह्यांसाठी काढून ठेवा, पहिला एक दिवस आराखड्याला द्या. राहिले १४ दिवस, म्हणजे रोज साडेआठशे ते नऊशे शब्द. हे होण्यासारखं आहे, पण रोज बसलं तरच.

पहिल्या दिवशी एकच कागद करायचा. डावीकडे चार उद्दिष्टं. प्रत्येकापुढे अनुसूचीतले प्रश्न क्रमांक, त्यातून होणारे तक्ते, मुलाखतीतून मिळणारा आधार, आणि निष्कर्षासाठी रिकामी जागा. ज्या प्रश्नाला कुठलंच उद्दिष्ट मिळत नाही, त्याचा तक्ता करायचा नाही. घराचा प्रकार, टीव्ही, मोटारसायकल हे सगळं विचारलेलं असतं म्हणून त्याचेही तक्ते केले जातात आणि चौथं प्रकरण फुगतं. ६४ कुटुंबांसाठी १४-१५ तक्ते पुष्कळ झाले. उलट एखाद्या उद्दिष्टापुढे एकही प्रश्न नसेल, तर ते आजच मॅडमना सांगा आणि उद्दिष्टाची शब्दरचना बदलता येते का ते विचारा. तोंडी परीक्षेत नेमका तिथेच प्रश्न येतो.

मुलाखती शब्दशः उतरवू नका. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, त्यामुळे बारा मुलाखतींत तुमचा अख्खा आठवडा जाईल. त्याऐवजी प्रत्येक मुलाखत एकदा ऐका आणि तीन रकाने भरत चला: मिनिट, विषय, एका ओळीत आशय. विषयांची नावं आधीच ठरवा, उदाहरणार्थ उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम), मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा आणि उचल देणारा), शाळा सुटणं, मागे राहिलेली मुलं, फडातली (ऊसतोडीच्या शेतातली) कामं, आजारपण. लिहिताना जे वाक्य उद्धृत करायचं असेल तेवढंच त्या मिनिटाला जाऊन शब्दशः घ्या. ते बोलीत आहे तसंच ठेवा, प्रमाण मराठीत सुधारू नका. खाली ‘मुलाखत क्र. ७, स्त्री, वय ३४’ एवढी ओळख पुरे. मुकादमाचंही नाव नको. गावाचं नाव झाकलं आणि मुकादमाचं राहिलं, तर गाव लगेच ओळखू येतं.

मॅडमना पूर्ण प्रबंध एकदम देऊ नका. सहाव्या दिवशी फक्त तक्ते आणि प्रत्येकाखालचा एक-एक परिच्छेद द्या, सोबत दोन-तीन नेमके प्रश्न द्या. तेवढं त्या दोन दिवसांत पाहून देऊ शकतात. मोठा गठ्ठा दिला तर तो टेबलावर राहतो.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त तक्त्यांबद्दल लिहितो, कारण या विषयात खरी गडबड तिथे होते.

आधी एकक ठरवा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. तुमच्या ६४ कुटुंबांपैकी काहींत दोन कोयते असणार, सासू-सासरे एक आणि मुलगा-सून दुसरा. म्हणून जमिनीचा तक्ता कुटुंबांवर, उचलीचा कोयत्यांवर आणि शाळेचा मुलांवर करावा लागतो. तिन्हींची एकूण संख्या वेगळी येईल आणि ती तशीच यायला हवी. प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकातच एकक लिहा. नाहीतर वाचणारा विचारतो, इथे एकूण ६४ आणि तिथे १३१ कसे?

शाळेच्या बाबतीत ‘शिकतो / शिकत नाही’ असे दोनच रकाने केलेत तर प्रबंधाचा गाभाच हरवेल. पटावर नाव असतं आणि मूल दिवाळीनंतर चार-पाच महिने फडावर असतं. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या मोजा: पटावर नाव आहे का, आणि हंगामात मूल कुठे होतं. दुसऱ्याचे प्रकार असे करा: आई-वडिलांसोबत गेलं, आजी-आजोबांकडे राहिलं, हंगामी वसतिगृहात राहिलं, इतर. या दोन्हींचा छेद घेणारा एक तक्ता हा तुमच्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता. तो मुलगे आणि मुलींसाठी वेगळा करा. वयोगट ६ ते १४ आणि १५ ते १८ असे ठेवा, कारण २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयालाच लागू होतो.

६४ मध्ये एक कुटुंब म्हणजे १.५६ टक्के. त्यामुळे ‘३४.३८ टक्के’ लिहून अचूकता वाढत नाही. संख्या आणि पूर्णांकातली टक्केवारी द्या. एकापेक्षा जास्त उत्तरं घेतलेला प्रश्न असेल तर बेरीज १०० च्या पुढे जाते, ते तक्त्याखाली लिहा. काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का ते पाहणारी) लावायची असेल तर आधी अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर प्रत्येक चौकटीत आली असती ती संख्या, पाहा. २० टक्क्यांहून जास्त चौकटींत ती ५ पेक्षा कमी असेल तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत. इतक्या छोट्या नमुन्यात तसंच होण्याची शक्यता मोठी. मग गट एकत्र करा, नाहीतर दोन-बाय-दोन तक्त्याला छोट्या संख्यांवरही चालणारी फिशरची चाचणी वापरा. एस.पी.एस.एस. हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकायला आता बसू नका, एक्सेलमधलं पिव्हट टेबल पुरेसं आहे.

तक्त्याखाली तक्ताच परत वाचून दाखवू नका. ‘६४ पैकी ४० कुटुंबांकडे जमीन आहे, २४ कुटुंबांकडे नाही’ हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे. तिथे तीन वाक्यं हवीत: सगळ्यात मोठा फरक कुठे आहे, तो कशामुळे असू शकतो (इथे मुलाखतीतलं वाक्य घ्या), आणि तो कोणत्या उद्दिष्टाशी जोडलेला आहे.

सीताफळ_बालाघाट

खूप आभार. कोयता आणि कुटुंब मी एकच धरलं होतं, रकाने आज वेगळे करते. अजून दोन शंका. ९ अनुसूचींमध्ये उचलीची रक्कम भरलेलीच नाही, त्या काढून टाकू का? आणि जिल्ह्याची माहिती, ऊसतोडीचा इतिहास, शासकीय योजना यांचं २५ पानांचं टिपण तयार आहे, पण ते बरंचसं संकेतस्थळांवरून घेतलेलं आहे. ते वापरलं तर पानं भरतील.

आकडेमोड

काढू नका. उचलीच्या तक्त्यात एकूण ५५ कुटुंबांतले कोयते घ्या आणि खाली ‘९ कुटुंबांकडून माहिती मिळाली नाही’ असं लिहा. बाकीच्या तक्त्यांत ६४ च राहतील. सरासरी काढून रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. उचलीची सरासरीही देऊ नका, मध्यक (रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी रक्कम) द्या. एक-दोन मोठ्या रकमांनी सरासरी वर ओढली जाते. आणि रक्कम न सांगणं हीसुद्धा माहितीच आहे: अनुसूची भरताना मुकादम किंवा त्याचं माणूस शेजारी होतं का, हे टिपणात असेल तर तिसऱ्या प्रकरणात मर्यादांमध्ये लिहा.

ग्रंथालय_खिडकी

ते २५ पानांचं टिपण तसंच्या तसं घालू नका. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते सॉफ्टवेअरने पाहतात त्यात) लघुप्रबंध अडकतात ते मुख्यतः याच भागात: जिल्ह्याची ओळख, योजनांची माहिती, व्याख्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमानुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रत द्यावी लागते, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत असते. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. तुमच्या महाविद्यालयाची मर्यादा याहून कडक असू शकते, विभागात विचारून घ्या.

जिल्ह्याची ओळख दोन पानांत आटपा. पाऊस, सिंचन आणि शेतीचा आकार, म्हणजे माणसं घर का सोडतात हे सांगणारं तेवढंच ठेवा. तालुक्यांची यादी, देवस्थानं, नद्यांची उगमस्थानं काढून टाका. शासन निर्णयातली वाक्यं उतरवण्याऐवजी तुमच्या ६४ पैकी किती कुटुंबांना हंगामी वसतिगृहाची माहिती होती, किती जणांनी ते वापरलं, हे लिहा. ते कुठल्याच संकेतस्थळावर नाही. इंग्रजी लेखाचा शब्दशः अनुवाद संदर्भ न देता घेणं हेही वाङ्मयचौर्यच, सॉफ्टवेअरने पकडलं नाही तरी. चॅटबॉटने सुचवलेला कुठलाही संदर्भ मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूचीत घालू नका.

आढाव्यासाठी १२ ते १५ लेखन पुरे. एकेका पुस्तकाचा एकेक परिच्छेद असं न करता मुद्द्यांप्रमाणे बांधा: स्थलांतराची कारणं, उचलीची पद्धत, मुलांचं शिक्षण, स्त्रियांचं काम. मॅडमना आढावा आधी हवा असेल तर हे चार मुद्दे आणि प्रत्येकाखाली वाचलेल्या लेखनाची नावं, एवढा दोन पानांचा आराखडा आत्ताच द्या. जुन्या मराठी पुस्तकावर फक्त शके छापलेला असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा. सूची मराठीची वेगळी आणि इंग्रजीची वेगळी.

जोडाक्षर

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, त्या अहवालाला काही अर्थ राहत नाही. जुन्या फाँटमधला काही भाग रूपांतरित केला असेल तर ‘दुसऱ्या’, ‘कारखान्याच्या’, ‘ट्रॅक्टर’, ‘हृदय’ असे शब्द शोधून पाहा. ऱ्य, ॲ/ॅ आणि ऋकार हमखास बिघडतात. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे शोधा-आणि-बदला करताना एक प्रकार सुटून जातो. दोन्ही प्रकार शोधा.

वर्डमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या चौकटीत ठरतो. वरच्या चौकटीत आकार १४ केला तरी मराठी मजकूर हलत नाही, तो यामुळेच. शीर्षकांच्या स्टाइलमध्ये हे एकदाच बसवा. प्रकरणाला हेडिंग १, उपशीर्षकाला हेडिंग २, तक्त्याला कॅप्शन, म्हणजे अनुक्रमणिका आणि तक्त्यांची यादी आपोआप तयार होते. हाताने केलेली अनुक्रमणिका शेवटच्या रात्री एक तक्ता काढला की पूर्ण चुकते. सूची अकारविल्हे लावल्यावर ळ, क्ष, ज्ञ डोळ्यांनी तपासा: मराठी क्रमात ते ह च्या नंतर येतात, संगणक क्ष ला क मध्ये टाकू शकतो. रोजची प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवा आणि स्वतःलाच ईमेल करा.

तळटीप

बांधणीचं राहिलं. डावा समास दीड इंच ठेवा, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र आणि तुमचं प्रतिज्ञापत्र यांवरचं शीर्षक नोंदणीच्या पत्रावर आहे तसंच अक्षरशः हवं, ‘ऊसतोड कामगार’च्या जागी ‘ऊसतोड मजूर’ झालं तरी परत पाठवतात. प्रमाणपत्रांवर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्या लागतात आणि तिघं एकाच दिवशी भेटतीलच असं नाही, म्हणून ती पानं चार दिवस आधी छापून सह्या घेऊन ठेवा. सोनेरी अक्षरांच्या पक्क्या बांधणीला सत्र संपताना दोन-तीन दिवस लागतात. बाइंडरला आजच फोन करून तारीख पक्की करा, आणि छापायला पीडीएफच द्या. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट बदलतो आणि पानं सरकतात.