मदत हवी आहे: व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर लांबलेला ताप, टीबी की दुसरं काही?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह दोन वर्षांपूर्वी बदलला, मेटलचा बसवला. पहिलं वर्ष छान गेलं. दिवाळीपासून मात्र रोज संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घामाने बनियन आणि उशीचा अभ्रा ओलाचिंब होतो, वजन उतरलंय, जेवण जात नाही. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह, थुंकीची जीन एक्स्पर्ट (टीबीची तपासणी) निगेटिव्ह, इकोत ठोस काही नाही. आता फिजिशियन म्हणतात, "टीबीच वाटतोय, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून बघू."

माझ्या मनात मायकोबॅक्टेरियम कायमेराची धास्ती आहे. हा टीबीच्या जंतूच्या कुळातला, पण पाण्यात राहणारा. ओपन हार्टच्या वेळी रक्ताचं तापमान सांभाळायला हीटर-कूलर मशीन लावतात. त्यातलं पाणी रक्ताला शिवतही नाही, वेगळ्या नळ्यांतून फिरतं. पण टाकीत जंतूंचा थर धरला, की पंख्याच्या हवेबरोबर त्या पाण्याचे सूक्ष्म तुषार ऑपरेशन थिएटरभर पसरतात आणि उघड्या छातीत, नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. असे पेशंट आधी झ्युरिकमध्ये सापडले, मग युरोपात इतरत्र, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने डॉक्टरांना आणि पेशंटना जाहीर इशारा दिला. लक्षणं दिसायला कित्येकदा वर्षं जातात.

आमच्या हॉस्पिटलात असंच घडलं असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त औषधं सुरू होण्याआधी हे तपासून घ्यावं असं फार वाटतं. जीन एक्स्पर्टमध्ये टीबीचाच जंतू कळतो, कायमेरा नाही. नेहमीचं ब्लड कल्चर पाचेक दिवसांत बंद करतात, कायमेरा उगवायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. एकदा औषधं पोटात गेली की कल्चरमध्ये काही उगवेलच याचा भरवसा नाही. शिवाय कायमेरा असेल तर नुसत्या एकेटीवर भागत नाही, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही लागतं. आणि बाबांना एसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. एकेटीतल्या रिफाम्पिसिनने तिचा असर कमी होतो, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) खाली येतो, मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती. त्यांचा आयएनआर आत्ता कुठे स्थिरावलाय.

रक्ताचं एएफबी कल्चर (टीबीच्या कुळातल्या जंतूंसाठीचं खास कल्चर) करून जंतूची नेमकी जात सांगणारी लॅब पुण्या-मुंबईत कुठे आहे? नमुना कोणत्या बाटलीत, किती वेळा घ्यायला सांगावं? या आजारात डोळ्याच्या पडद्यावर डाग दिसू शकतात असं वाचलं, तर रेटिना तज्ज्ञांना आधी दाखवून ठेवावं का? इन्फेक्शनचे चांगले डॉक्टर कोणी सुचवाल?

डॉक्टरांशी हे कसं बोलावं तेही सांगा. बाबांचा त्यांच्यावर फार विश्वास आहे, आणि समोर वाद झालेला बाबांना सोसणार नाही. इथे कोणी परफ्युजनिस्ट (ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणारे) किंवा मायक्रोबायोलॉजीतलं असेल तर कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात एकेटीचा निर्णय आहे.