दगडात कोरलेलं वाक्य हुकमासारखं का वाटतं?

रेवा_मिनेसोटा:
इथे मिनियापोलिसच्या शिल्पबागेत जेनी होल्झर या शब्दांतून काम करणाऱ्या अमेरिकन कलाकाराची पांढऱ्या ग्रॅनाइटची २८ बाकं चौकोनात मांडली आहेत, १९८९ सालची. बाकांवर तिच्या ‘लिव्हिंग’ मालिकेतले मजकूर कोरलेत. या मालिकेतल्या एका मजकुराचा आशय असा: आपलं चुकलंय हे स्पष्ट दिसत असूनही तसंच पुढे जात राहण्याचा एक काळ असतो. घरी पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी सरळ पान उलटलं होतं. बागेत मात्र माझा मुलगा बाकांपाशी थबकला आणि म्हणाला, “आई, हे इथले नियम आहेत का?” बसायची परवानगी आहे की नाही, हेही त्याला कळेना. कागदावर नसलेलं हे वजन दगडावर येतं कुठून? दगड महाग असतो, एवढंच कारण असेल का?

पाटीकर_सांगली:
रेवाताई, माझा धंदा पाट्यांचा. पितळी नेमप्लेट, स्टीलचे फलक, कोनशिला. वडिलांपासून चालत आलेला. कोनशिलेचा मजकूर आमच्याकडे येतो तोवर चारजणांच्या नजरेखालून गेलेला असतो. नावांचा क्रम, पदं, तारीख, सगळ्यावर होकार घेतलेला असतो, कारण एक काना चुकला तरी अख्खी शिळा वाया जाते. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. तरी दगडावर दिसलं की कुणीतरी ठरवलंय, पैसे मोजलेत, परवानगी दिलीय, असं तो धरूनच चालतो. होल्झरबाई नेमक्या या धरून चालण्यावर काम करतात.

‘लिव्हिंग’चे मजकूर १९८०-८२ च्या सुमारास ओतीव ब्रॉन्झच्या फलकांवरही आले होते. जुन्या इमारतींवर ‘येथे अमुक राहत होते’ असे फलक असतात, त्या घाटाचे. मला ते बाकांपेक्षा जास्त भावतात, कारण त्या फलकाला मागची भिंत साक्षीला असते.

अक्षरंही बघा. सगळी कॅपिटल, कुठे वेलांटी-नक्षी नाही. गिऱ्हाईक “जरा डिझाइन टाका की” म्हणतं तेव्हा कार्यालयाच्या पाटीला मी नको म्हणतो. नक्षीत माणूस दिसायला लागतो आणि मग वाचणारा त्या माणसाशी वाद घालतो.

मुग्धा_उपयोजित:
काका, पण सुरुवात दगडातून झाली नव्हती. १९७७ पासून तिने ‘ट्रुइझम्स’ नावाची सुविचारासारखी छोटी वाक्यं साध्या कागदावर छापून, नाव न घालता, मॅनहॅटनच्या भिंतींवर चिकटवली. वर्णानुक्रमे लावलेली, एकमेकांना छेद देणारी विधानं. लोकांनी पेनं काढून त्यातली काही खोडली, काहींखाली शेरे लिहिले. मग १९८२ मध्ये पब्लिक आर्ट फंड या सार्वजनिक जागांत कला आणणाऱ्या संस्थेच्या उपक्रमात त्यातलीच काही टाइम्स स्क्वेअरच्या ‘स्पेक्टाकलर’ या दिव्यांच्या जाहिरात-फलकावर झळकली. ‘सत्तेचा गैरवापर झाला तर त्यात नवल नाही’ या अर्थाचं विधान तिथलंच. तिथे दगड नव्हता, होते फक्त दिवे. पण एरवी त्या जागी पैसे मोजणारेच बोलतात, आणि तिथवर कुणाचं पेन पोचत नाही. मला यातली कागदाची पोस्टरंच सगळ्यात प्रामाणिक वाटतात.

रेवा_मिनेसोटा:
मग बाकी सगळी एक प्रकारची फसवणूक म्हणायची का? दगडाचा मान उसना घेऊन वाटेल ते बोलायचं?

पाटीकर_सांगली:
नाही, मला तसं वाटत नाही. काम अर्धवट असताना लोकार्पणाची तारीख कोरून मागणारे लोक येतात. मी कोरत नाही. ती शिळा माझ्या माघारीही खोटं सांगत राहील आणि कुणी पडताळून बघणार नाही. होल्झरबाई वजन उसनं घेतात हे खरं, पण वाक्य असं निवडतात की वाचणाऱ्याने अडखळावं. तुमच्या मुलाने प्रश्न विचारला. खरा नियम असता तर तो मुकाट पाळून पुढे गेला असता.

माझी शंका वेगळी आहे. १९९० मध्ये व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात तिच्या दालनाला गोल्डन लायन हा मोठा पुरस्कार मिळाला, नाव जगभर झालं. आता शेजारी तिच्या नावाची पट्टी असली की लोक आधी ती वाचतात आणि मग वाक्याला दाद देतात. बिननावाच्या फलकासमोर ती सोय नसते.

मुग्धा_उपयोजित:
शब्दांतूनच काम करणारा दुसरा कलाकार लॉरेन्स वायनर, त्याने २००० साली पब्लिक आर्ट फंडसाठीच न्यूयॉर्कमध्ये मॅनहोलची १९ झाकणं केली, ओतीव लोखंडाची, सगळ्यांवर एकच ओळ. तिथे नावाची अडचण येत नाही. काका, हे कसं वाटतं?

पाटीकर_सांगली:
ओतकाम म्हणून फार आवडेल. पण झाकणावर खात्याचं किंवा कारखान्याचं काहीतरी लिहिलेलं असतंच, म्हणून लोक खाली बघतही नाहीत. मी तर गिऱ्हाइकाला पाटी कायम पाच फुटांवर लावायला सांगतो. खाली लावली की ती वाचली जात नाही, मग पितळ कितीही चांगलं असो.