वाटी बदलण्याआधी तयार प्रतिपिंडं द्यावीत का?

गोदाकाठ: आईची गुडघ्याची वाटी बदलली. तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पू आला, तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ) हा जंतू निघाला. कृत्रिम सांध्यावर या जंतूंचा चिकट थर बसला की अँटिबायोटिकला दाद देत नाही. शेवटी सांधाच काढावा लागला. ऑपरेशनआधी शिरेतून तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं) देण्याच्या संशोधनाला पैसा मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. धनुर्वातासाठी देतात ते इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडंच ना?

वॉर्डसिस्टर: ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, पण हे पटत नाही. धनुर्वातात एकच विष अडवायचं असतं. स्टॅफ अनेक विषं सोडतो, शिवाय त्याचं प्रोटीन ए प्रतिपिंडाला शेपटाकडून धरून निकामी करतं. मर्क कंपनीची स्टॅफवरची व्ही७१० लस छातीच्या शस्त्रक्रियेच्या सुमारे ८,००० रुग्णांत तपासली. प्रतिपिंडं तयार झाली, गंभीर संसर्ग काही कमी झाला नाही. उलट ज्यांना स्टॅफ झालाच, त्यांच्यात लस घेतलेले जास्त दगावले. २०११ मध्ये चाचणी थांबली.
आणि स्वस्तातला उपाय पडून आहे! नाकात स्टॅफ असलेल्यांना पाच दिवस म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ. नेदरलँड्समधल्या चाचणीत (२०१०) स्टॅफचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ वर आला. आपल्याकडे ऑपरेशनआधी नाकाचा स्वॅब किती ठिकाणी घेतात? केस अजून वस्तऱ्याने काढतात, त्याने कातडीला चिरा पडतात. आधी हे सुधारा.

गोदाकाठ: लस वेगळी, तयार प्रतिपिंड वेगळं. सुव्राटॉक्सुमॅब हे तयार प्रतिपिंड स्टॅफच्या फक्त अल्फा विषावर नेम धरतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत स्टॅफचा न्यूमोनिया २६ टक्क्यांऐवजी १८ टक्क्यांना झाला.

आकडेमोड: तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्याला यश म्हणू नका.

पुणेरी_फार्मा: मी गोदाकाठच्या बाजूने. बेझलोटॉक्सुमॅब या तयार प्रतिपिंडाने सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा अतिसार उलटण्याचं प्रमाण साधारण २७ वरून १७ टक्क्यांवर आणलं, २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे जंतूच्या विषावर प्रतिपिंड चालतं. तरी २०२५ मध्ये कंपनीने ते बंद केलं. सरकारी पैसा हवा तो इथे.

वॉर्डसिस्टर: सरकारी पैसा आधी स्वॅबला आणि केस कापायच्या क्लिपरला. चाचण्या करा, पण रांगेत मागे.

गोदाकाठ: सिस्टर, आईचा स्वॅब कुणी घेतलाच नव्हता. दिवाळीनंतर नवा सांधा बसवायचाय, तेव्हा मलमाचं मी स्वतः विचारेन. पण सगळं करूनही ३.४ टक्के उरतातच. त्यांच्यासाठी रांगेत मागे म्हणजे किती मागे?