गुन्हे शाखेचा माणूस म्हणवून दुकानात येऊन पैसे मागतो आहे. खरा की तोतया, हे कसे ओळखावे?

बसस्थानकासमोरचा दुकानदार (बुधवार)

नमस्कार. तालुक्याच्या गावी आमचे मोबाईल दुरुस्तीचे लहान दुकान आहे आणि जुने मोबाईलही आम्ही घेतो-विकतो. शनिवारी मी सुटे भाग आणायला पुण्याला गेलो असताना साध्या कपड्यांतला एक माणूस दुकानात आला. गल्ल्यावर माझे वडील होते. त्यांचे वय ६८ आहे. आपण स्थानिक गुन्हे शाखेतून आलो आहोत असे सांगून त्याने पाकिटातले ओळखपत्र क्षणभर दाखवले, आणि तुम्ही घेतलेला एक मोबाईल चोरीचा निघाला असून चोराने तुमचे नाव सांगितले आहे, असे तो म्हणाला. गुन्ह्यात नाव नको असेल तर २५ हजार रुपये द्या, नाहीतर तुम्हालाच उचलून ठाण्यात बसवून ठेवू, अशी धमकी त्याने दिली. वडिलांनी घाबरून गल्ल्यातले ४ हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले.

तेव्हापासून तो रोज फोन करून उरलेले २१ हजार मागतो आहे. काल त्याने व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली एक नोटीस पाठवली आणि पैसे एका बाईच्या नावावरच्या यूपीआय खात्यात टाकायला सांगितले. शुक्रवारी तो पुन्हा येणार आहे.

मला तो तोतया वाटतो. पण तो खराच पोलीस निघाला आणि आम्ही त्याला चारचौघांत अडवले, तर पुढे गावात धंदा करणे कठीण होईल, ही माझी खरी भीती आहे. वडील चार रात्री नीट झोपलेले नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त ठाणे अंमलदार

मी ३१ वर्षे पोलीस दलात होतो. आपण लिहिलेल्या हकिगतीत एक गोष्ट मला सर्वांत आधी जाणवली, ती म्हणजे या माणसाने मोबाईल पाहायलाच मागितला नाही. चोरीच्या मोबाईलच्या तपासाला आलेला पोलीस हातात आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन येतो, तो मोबाईल दुकानात आहे का की पुढे विकला, कोणाकडून घेतला, वहीत नोंद आहे का, हे विचारतो, आणि मोबाईल सापडला तर पंचांसमोर पंचनामा करून तो जप्त करतो, कारण त्या मोबाईलशिवाय त्याचा तपास पुढे सरकतच नाही. ज्याला मोबाईल नको आणि फक्त पैसे हवेत, तो तपासाला आलेला नाही.

दुसऱ्या ठाण्याचे किंवा शाखेचे कर्मचारी तपासाला येतात तेव्हा सर्वसाधारणपणे स्थानिक ठाण्याला कळवतात आणि तशी नोंद स्टेशन डायरीत होते. म्हणून शुक्रवारची वाट न पाहता उद्याच आपल्या ठाण्यात जा आणि अशी कोणी व्यक्ती तपासाला आली होती का, असे लेखी विचारा. त्याचे नाव, हुद्दा आणि नेमणुकीचे ठिकाण विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे; तो हवालदार किंवा शिपाई असेल तर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा पोलीस दलातला क्रमांकही विचारा. खऱ्या पोलिसाला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही, आम्हाला तो अनेकदा विचारला जात असे. मात्र खात्री करण्यासाठी त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका, कारण तिकडे त्याचाच साथीदार 'साहेब' म्हणून बोलेल.

कळकळीची विनंती अशी की शुक्रवारी शटर ओढून त्याला कोंडू नका आणि चार मित्र जमवून मारहाण तर मुळीच करू नका. तो तोतया असला तरी मारहाणीचा गुन्हा आपल्यावरच दाखल होईल. तो अचानक दारात उभा राहिला तर ११२ ला फोन करा आणि गिऱ्हाईक असताना जसे बोलतो तसे शांतपणे बोलत राहा. दुकानात कॅमेरा असेल तर शनिवारचे चित्रण आजच्या आज उतरवून घ्या, कारण त्यावर पुढचे चित्रण चढले की जुने पुसले जाते.

तालुका न्यायालयातील वकील

वरील सल्ला योग्य आहे. आपल्या भीतीबद्दल कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण तो खरा की खोटा हे ठरवण्याचा भार आपण उगाच स्वतःवर घेतला आहे.

तो तोतया असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास होऊ शकतो. धमकी देऊन पैसे घेतल्याबद्दल कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा वेगळा. आणि तो खरा पोलीस असेल तर त्याने मागितलेली रक्कम ही लाच आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तेथे आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते आणि मगच सापळा लावला जातो. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी ते २१ हजार देण्याचे कारण उरत नाही.

दिलेल्या ४ हजारांबद्दल मात्र तारीख लक्षात ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे, पण नाइलाजाने द्यावी लागली आणि देणाऱ्याने सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवले तर तो दोषी ठरत नाही. येत्या शनिवारी सात दिवस होतात. तक्रार त्याआधी लेखी गेली पाहिजे.

व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीला घाबरू नये. हजर राहण्याची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे रीतसर बजावावी लागते, आणि अशी नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो संदेश पुसू नका, फोनही बदलू नका. तोच पुरावा आहे. वडिलांना हेही सांगा की साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ६० वर्षांवरील पुरुषाला त्याच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही (याच संहितेचे कलम १७९). 'ठाण्यात बसवून ठेवू' ही धमकी त्यांच्या वयावर नेम धरून दिलेली आहे, आणि मला ती सर्वांत नीच वाटते.

शेजारच्या जिल्ह्यातील भंगार व्यावसायिक

माझ्याकडे असाच माणूस आला होता. मी ८ हजार देऊन विषय संपवला असे समजलो. पुढच्या महिन्यात तो आला, नंतर त्याचा 'सहकारी' आला. एकदा दिले की आपले दुकान त्यांच्या यादीत जाते. आपण उरलेली रक्कम अजून दिलेली नाही, हे फार चांगले झाले.

बसस्थानकासमोरचा दुकानदार (रविवार)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी सकाळी कॅमेऱ्यातले चित्रण, फोनवरची बोलणी आणि ती नोटीस घेऊन मी ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी गुन्हे शाखेत विचारणा केली, तेव्हा त्या नावाचा माणूस तेथे नाही आणि नोटिशीवरचा गुन्हा क्रमांक भलत्याच प्रकरणाचा आहे, असे समजले. गुन्हा नोंदवून त्याची प्रत मला विनामूल्य मिळाली. शुक्रवारी ठाण्याचे दोन कर्मचारी दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसले होते, पण तो आला नाही आणि त्याचा फोनही बंद आहे, त्यामुळे तपास चालू आहे.

वडिलांचा जबाब घ्यायला अधिकारी आमच्या घरी आले. वडिलांनी त्यांना खुर्ची देण्याआधी ओळखपत्र मागितले, हातात घेऊन चष्मा लावून पूर्ण वाचले, आणि त्या अधिकाऱ्यांनी ते होईपर्यंत दारातच थांबून घेतले. जुन्या मोबाईलसाठी आता आम्ही वही घातली आहे. विकणाऱ्याचे ओळखपत्र, सही आणि आयएमईआय त्यात लिहितो, आणि घेण्याआधी 'केवायएम' (KYM) आणि पुढे तो क्रमांक लिहून शासनाच्या मोबाईल तपासणीच्या १४४२२ या क्रमांकावर संदेशाने तपासतो. त्या वहीतली पहिली नोंद वडिलांच्या अक्षरात आहे.