अनुभव धागा: पदवीनंतर पहिलीच्या वर्गात

शाईपेन

बीए झालं, अर्थशास्त्र घेऊन. राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी हातात आणि घरात रोज रात्री एकच विषय: बीएड की बँकेच्या परीक्षा? मी तिसरंच केलं, डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका. (आमच्याकडं अजून सगळे डीएडच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) बारावीवर प्रवेश मिळतो तिथं पदवी घेऊन आलेले आम्ही सातजण होतो, बाकी सगळी अठरा वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी एका मुलीनं मला 'सर' समजून उठून जागा दिली.

पहिला सरावपाठ निपाणी भागातल्या एका मराठी शाळेत. इयत्ता पहिली, घटक दशक-एकक. टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, तीन वेळा लिहिलेलं. खराट्याच्या काड्या सारख्या कापून, दहा-दहाच्या जुड्या बांधून नेल्या होत्या. जुडी वर धरली आणि विचारलं, हे काय?

"बंडल!"

छान. बंडलात किती काड्या?

पुढची अख्खी ओळ ओरडली, "पंचवीस!"

मी म्हटलं, मोजून बघू या. एक पोरगा पुढं आला, काड्या मोजल्या, परत मोजल्या आणि माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "सर, पंधरा कमी हाईत."

त्या गल्लीत घरटी एक बाई विड्या वळते. विडीचं बंडल पंचवीसचं, हे त्या पोरांना चालायला यायच्या आधीपासून माहीत. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या मॅडमनी निरीक्षण वहीत लिहिलं: 'विषयज्ञान चांगले. पूर्वज्ञान तपासले नाही.' पुढची पंचवीस मिनिटं मी काय बोललो ते आठवत नाही. तिथं काय करायला हवं होतं, तेही अजून नीट कळलेलं नाही.

तर धागा यासाठी. पदवी हातात असूनही प्राथमिकचं शिक्षण घेतलेल्यांनी लिहा. टाचणात, सरावपाठात, वर्गात काय झालं ते सांगा. नोकरी लागली की नाही हा हिशेब नको, त्याचा रडका धागा वेगळा काढू. कन्नडमधून केलेले, पलीकडं कोल्हापूर-गडहिंग्लजला जाऊन केलेले, सगळे या.

मलप्रभाकाठ

एमए मराठी, मग डीएड, मग खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एका गावी अतिथी शिक्षिका. संतसाहित्यावर निबंध लिहिलेली बाई मी, पहिलीच्या वर्गात 'म'पाशी अडकले.

आधी सूक्ष्म अध्यापनाबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं टीका ऐकायची, बारा मिनिटांत पाठ नव्यानं बसवायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. छत्तीस मिनिटांत एक कौशल्य. आज प्रश्न विचारणे, उद्या फलकलेखन, परवा चेतक बदल, म्हणजे लक्ष टिकावं म्हणून आवाज-हालचाल बदलत राहणं. समोर मुलं म्हणून आपल्याच मैत्रिणी बसलेल्या, त्यामुळे उत्तरं एकदम शहाणी. "बाई, मला शू लागली" असं कुणीच म्हणत नाही.

आणि मग ती शाळा. पहिली ते पाचवी, चौदा मुलं, एक खोली. कायम शिक्षक एक, ते महिन्यातले कितीतरी दिवस मीटिंगला नाहीतर तरबेतीला, म्हणजे प्रशिक्षणाला. आमच्या टाचण वहीत रकाने असायचे: एक इयत्ता, एक विषय, एक घटक, पस्तीस मिनिटं. माझ्यासमोर पाच इयत्ता एका सतरंजीवर. बहुवर्ग अध्यापनावर आम्हाला एक प्रकरण होतं, परीक्षेत पाच मार्कांना. मी त्यात चांगले मार्क घेतले होते!

मला वाचवलं दुधानं. क्षीरभाग्यची, म्हणजे शाळेत दूध द्यायच्या सरकारी योजनेची पावडर यायची, एका मुलाला अठरा ग्रॅम, त्यात पाणी घालून दीडशे मिली दूध. सकाळी तिथूनच सुरू करायचे. चौथी-पाचवीनं चौदा जणांची पावडर काढायची. तिसरीनं किती लिटर होईल ते मापायचं. दुसरीनं पाकिटावरची अक्षरं ओळखायची. पहिलीनं पेले मांडायचे, एकाला एक. टाचणात हा पाठ कुठल्या इयत्तेचा लिहायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता 'म'. चित्रकार्डावर मुलगी, खाली 'म' ठळक. "हे कोण?" सगळी म्हणाली, "चेडू!" बरोबरच आहे की. त्यांची घरची बोली कोकणीच्या वळणाची. कार्डावरची मुलगी त्यांच्या गावात राहातच नाही. फळ्यावर 'चेडू' लिहिलं, शेजारी 'मुलगी' लिहिलं, आणि त्या दिवशी 'म'ऐवजी 'च' शिकवला. जुलैत कौलांवर पाऊस असा वाजतो की ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून 'म' पुढच्या आठवड्यातल्या एका उघडिपीत झाला.

बीएस्सीवाला

माझं थोडक्यात. बीएस्सी, बीएड. 2018 च्या जूनमध्ये एनसीटीईनं (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) अधिसूचना काढली होती की बीएडवाले पहिली ते पाचवीलाही चालतील, सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स मागून करा. तेवढ्यावर विसंबून मी प्राथमिकची तयारी करत बसलो. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द ठरवलं. प्राथमिकला डीएडच. बातमी आली तेव्हा मी क्लासमध्ये पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या बालविकासाच्या अवस्था पाठ करत होतो.

बाबा म्हणाले, "म्हणजे खालचं शिकायला परत वर जायचं?" त्यांचं वाक्य मला अजून नीट लागलेलं नाही.

आता सव्विसाव्या वर्षी डीएडला आहे. माझी मामेबहीण माझ्याच वर्गात आहे. तिची टाचणं माझ्यापेक्षा चांगली असतात, हे मामीला माहीत आहे, म्हणजे सगळ्या वडगावला माहीत आहे.

एक मात्र कबूल. बीएडला आठवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं होतं, ते सोपं होतं. हातचा का घ्यायचा हे दुसरीतल्या पोराला सांगताना घाम फुटला. 'हातचा' म्हणजे कुणाच्या हातचा, असं त्यानं विचारलं.

वडगावकर

वडगावला काही माहीत नाही, उगाच बदनाम करू नका :)

पण खरंच विचारतो. सीमाभागात मराठी शाळांचा पट बघा जरा. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसा गल्लीपर्यंत येतात. मराठी माध्यमाचं डीएड करून पुढं काय?

शाईपेन

हा तोच रडका धागा. वेगळा काढू म्हटलंय ना, राव.

मलप्रभाकाठ

चौदा मुलं होती ओ. त्यांना कुणीतरी शिकवायला पाहिजेच होतं.

चिकोडी रोड

घरी मराठी, शाळा कन्नड, बीकॉम, डीएडही कन्नडमधून. माझी आंतरवासिता एका कन्नड शाळेत नलि-कलि वर्गावर झाली. नलि-कलि म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी एकत्र. म्हैसूरकडं हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 1995 च्या सुमारास काही शिक्षकांनी सुरू केलेली पद्धत, मग सगळ्या कर्नाटकात आली. वर्गात पाच 'तट्टे', म्हणजे ताटं. पहिल्या ताटात शिक्षकाजवळ बसायचं, मग थोड्या मदतीनं, मग मित्रांकडून, असं करत पाचव्या ताटात एकट्यानं. भिंतीवर शिडीचा तक्ता, कार्डांवर चित्रं. पोरगं स्वतः शिडीवर आपली पायरी बघतं, कार्ड उचलतं, त्या ताटात जाऊन बसतं. मास्तरनं फळ्यापुढं उभं राहून भाषण ठोकायला जागाच नाही. मी भाषणाचीच तयारी करून गेलो होतो.

माझी फजिती दुसऱ्याच ठिकाणी झाली. घरी लहानपणी आजीनं आधी देवनागरी गिरवून घेतलेलं. घाईत लिहिताना हात तिकडं वळतो. कन्नडमध्ये रफार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षर झाल्यावर पुढं एक खूण येते, अर्कावत्तु, कन्नड नवाच्या आकड्यासारखी दिसणारी. मी फळ्यावर 'सूर्य' लिहिला आणि ती खूण सवयीनं वर चढवली. तिसरीतली एक मुलगी उठली, "मेले अल्लरी सर, बाजूक बरीरी." वर नाही, बाजूला लिहा. ती खडू घेऊन आली आणि लिहूनच गेली. 'बाजूक' हा आपलाच शब्द, हे मला जागेवर जाऊन बसल्यावर सुचलं.

वडगावकरांना एकच सांगतो, मराठी शाळेतल्या मास्तरलाही कन्नड लागतंच. सुत्तोले, म्हणजे परिपत्रकं, कन्नडमधून येतात, सॅट्सवर (मुलांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) माहिती भरायची, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पत्र लिहायचं. माझे मराठी माध्यमातले मित्र परिपत्रकाचा फोटो काढून मला पाठवतात. फुकट दुभाषा.

पिठाची गिरण

मी सोडलं. बीए, मग डीएडचं एक वर्ष. तक्ते, कार्डशीट, कात्री, फेव्हिकॉल, दर आठवड्याला नवं साहित्य. वडिलांचं आजारपण आलं आणि गिरण बघायला कुणी नव्हतं. वाईट वाटतं का? पावसाळ्यात वाटतं, जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा.

टाचणाची वही दुकानात आहे. मागच्या कोऱ्या पानांवर उधारी लिहितो. पुढं 'अपेक्षित वर्तनबदल', मागं 'जोंधळे पाच किलो'.

अलीकडे पलीकडे

महाराष्ट्र ज्या 865 गावांवर दावा सांगतो त्यातलं माझं एक. तो दाखला असला की तिकडच्या भरतीला अर्ज करता येतो. बीए इथं, डीएड कोल्हापूर जिल्ह्यात. 2023 ची टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी), दोनशे प्रश्न एकशेवीस मिनिटांत, मग भरतीचं पवित्र पोर्टल, मग कोकणात जिल्हा परिषदेची शाळा. तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना सोळा हजार. (शाईपेन, नोकरीचं लिहिलं, माफ करा.)

मला वाटायचं, मराठीतून मराठीत चाललोय, यात काय शिकायचं? पण तिकडच्या वर्गमित्रांना बालभारतीच्या पहिलीच्या कविता तोंडपाठ, एकानं सुरू केली की सगळा वर्ग. मी ओठ हलवत उभा. मी शिकलो होतो कर्नाटकचं मराठी पुस्तक. त्यातली कविता म्हटली तर कुणालाच माहीत नाही. परिपाठाला राज्यगीत लागलं तेव्हाही तसंच, आमच्या शाळेत रोज नाडगीत, म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत, म्हणून वाढलेला मी.

आता माझी पोरं माझी नक्कल करतात. मी वर्गात "होय की ओ" म्हणतो, ते त्यांना फार आवडलंय. एका पालकानं विचारलं, सर, हे कुठलं मराठी? बेळगावचं म्हटलं.

सुट्टीचं दुखणं वेगळंच. तिकडं मोठी सुट्टी दिवाळीला, इथं दसऱ्याला. भाचरं दसऱ्यात घरी असतात तेव्हा मी वर्गात, मी येतो तेव्हा ती शाळेत.

निवृत्त बाई

बाळांनो, माझी सून वाचून दाखवते आणि तीच हे टाईप करते आहे. आमच्या वेळी डीएडला टीसीएच म्हणत. पदवी कुणाकडे नव्हती, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नव्हती. माझ्या मागून लागलेल्या बायका आता पन्नाशीला टेकल्यात आणि बालमानसशास्त्राची गाईडं घेऊन बसल्यात, कारण 2025 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. दीडशेपैकी नव्वद पाडायचे. एकीनं परवा मला फोन करून विचारलं, पियाजे म्हणजे पुरुष की बाई?

पहिला सल्ला घशाचा. ओरडू नका. हळू बोललं की पोरं गप्प होतात, मोठ्यानं बोललं की तीही मोठ्यानं बोलतात. मला हे कळायला सहा वर्षं आणि एक डॉक्टर लागला.

आणि शाईपेन, तुझ्या बंडलाचं. मीही त्याच भागात होते. काड्या बाजूला ठेवायच्या. त्या पोरालाच म्हणायचं, तुझं पंचवीसचं बंडल आण उद्या, रिकाम्या पानांचं, तंबाखू नको. ते सोडायचं आणि त्यातून दहा-दहाच्या जुड्या त्यालाच बांधायला लावायच्या. दोन होतात आणि पाच सुट्या उरतात. पंचवीस कसे लिहायचे ते मग फळ्यावर लिहावंच लागत नाही, त्याच्या हातातच असतं.

शाईपेन

बाई, त्या दिवशी मागच्या बाकावर तुम्ही का नव्हता ओ?